भिंतीवरची तांब्याची भांडी

इटलीतल्या फाएन्झा शहराच्या दक्षिणेकडील टेकड्यांवर आर्मिदाचे घर होते, आणि त्या घरी जेवलेला माणूस दुसऱ्या कोणाच्या जेवणाची स्तुती करीत नसे. निदान तिच्या कानांवर जाईल अशी तरी नाहीच. तिचे स्वयंपाकघर सुसज्ज म्हणून पंचक्रोशीत नावाजलेले. मात्र सुसज्जता म्हणजे भांड्यांची गर्दी, असे तिने कधी मानले नाही. खिम्याचा रागू दुपारभर मंद शिजावा म्हणून जाड बुडाचे मातीचे भांडे. मक्याची पोलेंता घोटायला तांब्याची कढई. पास्ता उकळायला उंच डेग. आणि अंड्यात मळलेली कणीक लाटायला लाकडाची रुंद फळी व हातभर लांब लाटणे. ज्याला काम नाही असे भांडे घरात नको, आणि जे काम करते त्याची हेळसांड नको, एवढाच तिचा नियम. डेगेची कल्हई उतरू लागली की कल्हईवाल्याला बोलावण्यात ती कधी चुकली नाही.

मुलगा लेआर्को याने त्याच घरात खाणावळ उघडली. मागच्या अंगाला पोलादी ओट्यांचे नवे स्वयंपाकघर झाले. जुन्याच्या दाराला, संग्रहालयात असते तशी, लाल दोरी आडवी लागली. चूल गेली, तिच्या जागी सुकलेली फुले आली, आणि भांडी भिंतीवर चढली. आर्मिदाला जेवणघरात, खिडकीपाशी, तिची फळी मांडून दिली. शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या देखत ती पोळी लाटी. पोळी उजेडासमोर धरली की पलीकडची द्राक्षबाग तिच्यातून दिसे. मग ती पोळीची सैल गुंडाळी करी, सुरीने कापी, पट्ट्या झटकून त्यांची घरटी रची. आणि या पट्ट्यांच्या पास्त्याने, टाल्यातेल्लेने, परात भरली की सून ओरिएल्ला ती आत नेई. मागच्या ओल्या फरशीवर जायची आर्मिदाला मनाई होती, कारण तिचे खुब्याचे हाड एकदा मोडले होते. तिची तक्रार नव्हती. स्वयंपाकघर गेले ते गेले; आपल्या हातचे अजून कोणाच्या तरी पोटात जाते, या एका गोष्टीवर ती तग धरून होती.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तिचा दीर लिबेरो जेवायला आला. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत हिंडत असे. आता शहरातल्या वृद्धाश्रमात राहत होता. त्याचा वाढदिवस होता, म्हणून त्याला तिच्या फळीशेजारचेच टेबल दिले. दोन घास खाऊन त्याने काटा खाली ठेवला.

"वहिनी, माझ्यावर कसला राग धरलाय?"

"का रे?"

"घशातून गांडुळासारखं सटकतंय हे. आणि रागू बघा, सगळा ताटात खाली. पट्टी एकीकडे, रस्सा एकीकडे. लग्नात रुसलेले व्याही बसतात ना, तसे."

"म्हातारा झालास. जीभ मेली तुझी."

"जीभ शाबूत आहे. दातांबद्दल बोला हवं तर."

आर्मिदाने त्याच्या ताटातली एक पट्टी उचलली. लाकडावर लाटलेल्या पोळीला लाकडाचा खरखरीतपणा थोडा तरी लागतोच, आणि त्याच खरखरीला रस्सा धरून राहतो. ही पट्टी काचेसारखी गुळगुळीत होती. तिच्या दोन्ही कडा इतक्या सारख्या होत्या, की माणसाच्या हातातली सुरी तितकी निर्विकार चालणे अशक्य. आर्मिदाने लाटणे खाली ठेवले आणि ती मागे गेली.

ओरिएल्ला उकळत्या पाण्यात पुठ्ठ्याचे खोके रिकामे करीत होती.

"अगंबाई! आई, तुम्ही इथे कशाला आलात? घसराल."

"हे काय आहे?"

"पास्ता."

"ते मलाही दिसतंय. माझा कुठाय?"

ओरिएल्लाने नवऱ्याकडे पाहिले. लेआर्को कोरडे झालेले हात पुसतच राहिला. "आई, नियम आहे. लोकांच्या मधोमध बसून केलेलं वाढता येत नाही. करून दाखवायची तेवढी परवानगी आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"आणि मी लाटते ते?"

"ते वाया नाही जात गं."

मागचे दार उघडे होते. अंगणात दोन कोंबड्या एकच पिवळी पट्टी दोन टोकांनी ओढीत होत्या.

"म्हणून तर आपल्या अंड्यांना असा केशरी रंग येतो," ओरिएल्ला म्हणाली. "पाहुणे मुद्दाम विचारतात, आई." हे ती समजूत घालण्यासाठी म्हणाली, आणि तेच अधिक वाईट होते.

आर्मिदा परत आली. तिने त्या दिवशीची परात उचलली आणि दाराची लाल दोरी काढून टाकली.

"लिबेरो, ऊठ. आज तुला मी जेवायला घालते. मागच्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या पडल्यात, त्यातली एक मागून घेऊ. आधी डेग काढ."

डेग निघेना. बुडातून गेलेल्या जाड स्क्रूने ती भिंतीला आवळली होती. लिबेरो टेबलावरची सुरी घेऊन झटू लागला. "भांडं टांगलंय की फाशी दिलंय मेल्यांनी!" अखेर डेग हाती आली. आर्मिदाने ती सवयीने आतून पाहायला वर धरली, आणि बुडातल्या भोकातून तिला खिडकीचा उजेड दिसला.

तिने कढईकडे पाहिले. तिच्याही बुडात स्क्रू होता. पातेल्यांच्याही होता. रागूच्या मातीच्या भांड्यात जिरेनियमचे फुलझाड लावले होते, आणि पाणी निथळावे म्हणून त्यालाही भोक पाडले होते.

लेआर्को दारात येऊन उभा राहिला होता.

"भोकं कोणी पाडली?"

"सुताराने. त्याशिवाय भिंतीवर बसत नव्हती. कोणाच्या डोक्यात पडली असती म्हणजे?"

"मला विचारायचंस."

"आई, तू काय वापरणार होतीस ती?"

दोरीपाशी पाहुणे गोळा झाले होते. हातात तांब्याची डेग घेतलेल्या म्हातारीचे फोटो काढता काढता कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि इतरांनीही वाजवल्या.

"माझ्याकडे चला म्हटलं असतं, वहिनी," लिबेरो हळूच म्हणाला, "पण तिथे चमचासुद्धा माझा नाही."

तो उपाशीच गेला. परात ओरिएल्लाने नेली.

आठवडाभर आर्मिदा फळीला शिवली नाही. शुक्रवारी लेआर्को तिच्या खोलीत आला आणि पलंगाच्या कडेवर बसला. "जेवण काय, कुठेही मिळतं. लोक तुला बघायला येतात. तू नसलीस तर आमचं कसं व्हायचं?" हे खोटे नव्हते, आणि त्या घरात तिच्यासाठी दुसरी खुर्ची कोठे मांडलेली नव्हती.

शनिवारी ती खिडकीपाशी बसली. मिलानहून आलेल्या एका बाईने कौतुकाने विचारले, "आजी, एवढं सगळं खाणार कोण?"

"कोंबड्या."

सारे टेबल खळखळून हसले. ताटे घेऊन जाणारी ओरिएल्लाही त्यांच्यात सामील झाली. "आमच्या आई भारी विनोदी!" संध्याकाळी दुसऱ्या टेबलावर हा विनोद तिने स्वतःच सांगितला.

लेआर्कोने अंड्यांची टोपली आणून ठेवली. आर्मिदाने पिठात खळगा केला आणि एक अंडे फोडले. बलक गर्द केशरी निघाला. पाहुण्यांनी वा वा म्हटले. ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. तिने केलेल्यातले एवढेच तिच्याकडे परत आले होते. मग तिने काट्याने तो फोडला.