कोरा चहा

सारनाईने दूध सोडल्याचं तिच्या आईला जावयाकडून कळलं. मार्च महिन्यात तुमुरने फोनवर सहज सांगितलं, की आता दुधाच्या गोठवलेल्या चकत्या पाठवू नका, आधीच्याच बाल्कनीत पडून आहेत. नासल्या का, असं दुलमाने विचारलं. उलानबातरच्या गोठवणाऱ्या मार्चमध्ये बाल्कनीत काही नासत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तुमुर म्हणाला, नासल्या नाहीत, सारनाई आता दूध घेत नाही. दुलमाने फोन ठेवून दिला.

सारनाई रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. आदल्या वर्षी तिला एक त्रास सुरू झाला होता. दुपार कलली की छाती धडधडू लागे, तळहात ओले होत, आणि घरी काहीतरी वाईट घडलं आहे अशी खात्रीच वाटू लागे. ती तुमुरला फोन करी. तो ठीक असे. मग ती आईला फोन करी, आणि तिकडे रेंज नसली की तिला खुर्चीवर बसवत नसे. एकदा तिच्या हातून रक्ताच्या नळ्यांचा सगळा स्टँड खाली पडला. हृदयाचा आलेख काढला, तो निर्दोष होता. थायरॉइडची तपासणी तिने स्वतःच केली, तीही ठीक आली. शेवटी एका आहारसल्लागार बाईंनी तिला दूध आणि दुधाचं सगळं बंद करायला सांगितलं. सारनाईला ते पटण्यासारखं वाटलं. आपल्या लोकांपैकी बहुतेकांना मोठेपणी दुधातली साखर नीट पचत नाही, हे ती शिकली होती. पोटाचा मनाशी काही संबंध असतो, असंही तिच्या वाचनात आलं होतं.

तिने सगळं सोडलं. साय, दही, वाळवलेल्या चक्क्याचे तुकडे, चहा. प्रयोगशाळेत सकाळपासून चहाचा थर्मास हातोहाती फिरत असे, त्यातलं ती काही घेईना. वाडग्यात गरम पाणी ओतून घेई. महिन्याभरात धडधड थांबली. झोप लागू लागली. दुधाचा इतका त्रास असेल असं वाटलं नव्हतं, असं तिने तुमुरला सांगितलं, आणि तुमुरने ते सासूला सांगितलं.

मे महिन्यात दुलमाचा फोन आला. तामीर नदीकाठच्या उंचवट्यावर चढून, जिथे रेंज येते तिथून तिने केला होता. शेजारचा चोइजिल गाई घ्यायला तयार आहे, नादामची घोड्यांच्या शर्यतींची जत्रा झाली की घेऊन जाईल, आणि मग ती शहरात लेकीकडे राहायला येईल, एवढं सांगून तिने बोलणं संपवलं. सारनाईने कारण विचारलं.

“खाणारं माणूस एकच होतं,” दुलमा म्हणाली. “आता धार काढायची ती कोणासाठी? मी एकटी बाई किती साय खाणार?”

सारनाई एकुलती एक होती. वडील गेले त्या हिवाळ्यात दुलमा शहरातल्या सहाव्या मजल्यावरच्या घरात राहून गेली होती. रोज सकाळी ती खिडकी उघडून चहाची पहिली पळी आभाळाला वाहायची. ती खालच्या मजल्यावरच्या बाईच्या धुतलेल्या कपड्यांवर पडायची. तक्रार आल्यावर दुलमाने ते बंद केलं, आणि मग हळूहळू बोलणंही. वसंतात तिला बसमध्ये बसवून दिलं तेव्हा तिने मागे वळूनही पाहिलं नव्हतं. आता ती कायमची आली तर खिडकीशी तशीच बसून राहील, हे सारनाईला दिसत होतं. पण मन वळवायचं तर काय सांगून वळवायचं, हे दिसत नव्हतं. मी पुन्हा दूध पिईन, असं म्हणता आलं असतं. म्हणजे पुन्हा ते ओले तळहात.

जुलैच्या सुरुवातीला रजा काढून ती एकटीच गेली.

गाडीचा आवाज ऐकून दुलमा नमद्याच्या गोल तंबूबाहेर दुधाचं वाडगं दोन्ही हातांवर धरून उभी होती. सारनाईने अनामिका दुधात बुडवून ओठांना लावली. एवढं केलं की रीत पाळली जाते. दुलमाने वाडगं परत घेतलं आणि आत जाऊन काही न बोलता दुसऱ्या वाडग्यात गरम पाणी ओतलं.

दोन दिवस असेच गेले. दुलमा पहाटे उठून धार काढी, दूध उकळी, पळीने उंचावरून ओतून ओतून फेस काढी आणि साय धरायला ठेवी. सारनाई वासरं धरी, वाळलेलं शेण वेचून आणी. तंबूच्या छपरावर चक्क्याच्या वड्या वाळत पडलेल्या होत्या, त्यांना ती हात लावत नव्हती. चोइजिल एकदा येऊन गाई पाहून गेला. साठीचा, बडबड्या माणूस. चहा पिताना त्याने सारनाईच्या वाडग्यात डोकावून पाहिलं.

“दुलमाताई, पोरगी घोड्याचं पाणी पितेय,” तो म्हणाला. “शहरात नेऊन हिला रेसमध्ये पळवणार आहात का?”

सारनाईने तब्येतीचं कारण सांगितलं. चोइजिलने मान डोलावली. आपल्या आजोबांना दूध सोडलेलं माणूस म्हणजे मेलेलं माणूस एवढंच माहीत होतं, असं तो म्हणाला, आणि जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी दावी घेऊन येतो म्हणून निघून गेला.

जत्रा झाली. ती पाहायला दोघी गेल्या नाहीत. त्या दुपारी दुलमाने दाबून वीट केलेल्या चहाचा मोठा तुकडा फोडला.

“आजाऱ्यासारखं पाणी पितेस. मला बघवत नाही,” ती म्हणाली. “दूध नको ना? मग कोरा पी. हिवाळा सरताना गाई भाकड झाल्या की आपण पितोच की.”

तिने एक लहान पातेलं राखेने घासलं, पुन्हा घासलं, वास घेऊन पाहिला. मग त्यात चहा काळा होईपर्यंत उकळला आणि मीठ टाकलं. सारनाईला खरं तर पाणीच चाललं असतं. पण आईने काही आपणहून पुढे केल्याला बरेच दिवस झाले होते. तिने पहिलं वाडगं संपवलं. दुलमाच्या घरात वाडगं रिकामं राहत नाही. ऊन उतरेपर्यंत ते भरत राहिलं आणि सारनाई पीत राहिली. दोघी मायलेकी खूप दिवसांनी निवांत बोलल्या. वडिलांच्या घोड्याबद्दल, तुमुरच्या घोरण्याबद्दल.

संध्याकाळच्या धारेला सारनाईने वासराला गाईखाली सोडलं, त्याने दोन ढुशा दिल्या, गाईने पान्हा सोडला, तसं तिने त्याला ओढून बाजूला धरलं. दावं तिच्या मुठीत निसटत होतं. तळहात ओले झाले होते. छातीतली धडधड वासराच्या मानेपर्यंत पोचत असेल असं तिला वाटलं. तुमुरला काहीतरी झालंय, हा विचार आला आणि जाईना. इथे फोनही लागणार नव्हता.

“आई,” ती म्हणाली, “चहात दूध घातलं होतंस?”

दुलमाचे हात सडांवर चालत राहिले. चरवीत धारेचा आवाज तसाच येत होता. गाय पूर्ण काढून झाल्यावर ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

“मी तुला चोरून दूध पाजीन, असं वाटलं तुला?”

सारनाईने दावं मुठीभोवती आणखी एक वेढा घेऊन धरलं.

“दूध लपवून द्यायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही,” दुलमा म्हणाली आणि चरवी उचलून निघाली.

वासराला सोडून सारनाई तंबूत आली. लहान पातेलं चुलीजवळ तसंच पडलं होतं. तळाशी चहाच्या पानांचा काळा थर होता. कडेला पांढऱ्याचा मागमूस नव्हता. ती पातेल्याकडे पाहत बसली.

प्रयोगशाळेत नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्वतःच्या बाबतीत तिने दोन बदलल्या होत्या, आणि त्या दोन आहेत हेच तिच्या लक्षात आलं नव्हतं. जन्मापासून तिने चहा पाहिला तो पांढरा. दूध सोडलं की चहा सुटतोच, त्यात मोजायचं काय? दिवसभरात थर्मासमधून किती वाडगी होत, याचा हिशेब त्यांच्यापैकी कोणी कधी ठेवला नव्हता. सगळे तो पाण्यासारखा पीत. आहारसल्लागार बाईंनी कॉफीबद्दल विचारलं होतं. सारनाईने खरं ते सांगितलं होतं, की ती कॉफी पीत नाही. चहातल्या कॅफीनबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

पण हे लगेच आईला सांगणं तिला बरोबर वाटलं नाही. आज एकदाच घडलं होतं. धडधड भीतीनेही होते, आणि भीती तिला कोणत्याही वाडग्याची वाटू शकत होती. सकाळी तिने दूध मागितलं. नुसतं, चहाशिवाय.

“माझी समजूत काढायला नको,” दुलमा म्हणाली. ती अजून तुटकच बोलत होती.

“तुझ्यासाठी नाही. मला बघायचंय.”

दुलमाने उकळलेलं दूध भरून दिलं. सारनाई ते पिऊन मनगटावर बोटं ठेवून बसली. दुपारी तिचं पोट इतक्या मोठ्याने गुरगुरलं, की दुलमाला हसू आवरेना. तुझ्या वडिलांचं पोटही असंच बोलायचं, असं ती म्हणाली. पण छाती शांत होती. रात्रीच्या जेवणात दही घेतलं, साय घेतली, तरी शांतच. दुसऱ्या दिवशीही तसंच. आता उलटा पडताळा राहिला होता. चोइजिल येणार त्या सकाळी दुलमा गाई सोडायला गेल्यावर तिने स्वतःच पातेलं घासलं, कोरा चहा उकळला आणि एकटीने संपवला.

चोइजिल ठरल्यापेक्षा लवकर आला. तो आत येऊन बसला तेव्हा सारनाईचे हात थरथरत होते. रीतीप्रमाणे पाहुण्याला वाडगं तिनेच द्यायला हवं होतं. दिलं तेव्हा चहा काठावरून सांडला.

“अगं पोरी,” चोइजिल आता थट्टा न करता म्हणाला. “ताई, हिला इथली हवासुद्धा सोसत नाहीये. दुधाच्या वासानेच होत असेल. तुम्ही आपल्या जा हिच्याबरोबर. जनावरांची काळजी करू नका.”

दुलमाने लेकीचा हात हातात घेतला. तळवा उघडून पाहिला. चुलीवर साय धरत होती, तिच्याकडे तिने पाहिलं आणि सारनाईला वाटलं, आता ती उठून दावी मोजून देईल.

“हे चहाने होतंय,” सारनाई म्हणाली. “दुधाने नाही. मी मुद्दाम प्यायले सकाळी. दूध दोन दिवस पितेय, काही झालं नाही.”

“चहाने?” चोइजिलने आपल्या वाडग्याकडे पाहिलं. “चहाने आजवर कोणाला काय झालंय?”

दुलमाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

“नक्की?” तिने विचारलं.

सारनाईने मनात हिशेब मांडला. माणूस एक, आणि तपासणारीही तीच. कोरा चहा दोनदा, दूध दोन दिवस. शिवाय इकडे ती रजेवर होती, नदीकाठी होती, आईजवळ होती. एवढ्यावर तिने कुठल्याही अहवालावर सही केली नसती. आणखी महिनाभर पाहायला हवं, असं लिहिलं असतं. पण चोइजिलची दावी दाराशी ठेवलेली होती, आणि आई तिच्या तोंडाकडे पाहत होती.

“नक्की,” ती म्हणाली.

दुलमाने तिचा हात सोडला आणि सायीखालचा विस्तव कमी केला.

“मग गाई राहू दे, चोइजिल.”

चोइजिल बराच वेळ कुरकुरला. पुढच्या वर्षी गुडघे याहून दुखतील, तेव्हा मी आपणहून विचारायला यायचो नाही, असं त्याने बजावलं. ते खोटं नव्हतं आणि दुलमाने ते खोडूनही काढलं नाही. तिने त्याचं वाडगं पुन्हा भरलं. जाताना दावी उचलून त्याने खांद्यावर टाकली आणि सारनाईला म्हणाला, की हे सगळं वासराला सांगून बघ, तेही हसेल.

दोन दिवसांनी सारनाई निघाली. भाड्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर तिच्या शेजारी दह्याचा डबा होता आणि फडक्यात बांधलेल्या चक्क्याच्या वड्या होत्या. हिवाळ्यात चकत्या पाठवीन, बाल्कनी रिकामी ठेव, असं दुलमाने दोनदा सांगितलं. चहा कमी कर, असं मात्र ती म्हणाली नाही. ते तिच्या अजून गळी उतरलं नव्हतं. ड्रायव्हरने जीप सुरू केल्यावर ती चरवी आणि पळी घेऊन बाहेर आली आणि प्रवास सुखाचा व्हावा म्हणून जाणाऱ्या गाडीमागे दूध शिंपडू लागली. गुडघ्यामुळे ती एका अंगावर झुकून उभी होती, त्यामुळे शिंतोडे थोडे डावीकडे पडत होते.

पहिला उतार संपेपर्यंत सारनाई मागे वळून पाहत राहिली. मग सरळ बसली आणि सवयीने मनगटावर दोन बोटं ठेवली. ठोके भरभर पडत होते. चहा तिने चोइजिल आला त्या सकाळनंतर घेतला नव्हता. आज निघताना फक्त दूध घेतलं होतं, भरलेलं वाडगं, आईच्या हातचं. आईला मागे ठेवून निघताना कोणाचेही असेच पडतात, असं तिने स्वतःला सांगितलं. जीप नदीच्या उथळ पाण्यात उतरली तेव्हा तिने बोटं काढून घेतली आणि दह्याचा डबा सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला.