वकिलांच्या विजारीतले टोमॅटो

पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि गच्चीवर काकू दातांत दोरा धरून टोमॅटो बांधत होत्या. टोमॅटोचं झाड काठीला बांधतात ना, ते नव्हे. टोमॅटोच झाडाला बांधत होत्या. आदल्या संध्याकाळी भाजीवालीकडून देठासकट निवडून आणलेला, चांगला लालबुंद. देठाला दोन वेढे, फांदीला दोन वेढे, वर एक गाठ आणि पुढे एक पान ओढून घेतलं की झालं.

हसू नका. ही बाई कशी होती ते आधी ऐका, मग हसा.

काकूंच्या घरातून कचरा म्हणून काही बाहेर पडत नसे. साबणाच्या चिपट्या एकमेकींवर दाबून नवी वडी व्हायची. भाज्या धुतलेलं पाणी झाडांना, चहाचा चोथा झाडांना. जुन्या चादरीची उशीची खोळ, खोळीचं पायपुसणं, आणि पायपुसण्याच्या चिंध्या झाल्या की त्या परत उशीत. दोरा तर तोडायचाच नाही, सोडवायचा, हा घरातला कायदा. "तोडायला काय अक्कल लागते?" असं त्या सगळ्यांना सुनवायच्या. अशी बाई विकतचे टोमॅटो आणून झाडाला लटकवते, म्हणजे पाणी कुठवर आलं असेल!

तर झालं होतं असं. काकूंचे यजमान शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. चाळीस वर्षं एका खोलीच्या दुकानात त्यांनी कोट शिवले, विजारी शिवल्या, आणि काकूंनी शेजारी स्टुलावर बसून त्यांना बटणं लावली, काजं केली. मग मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग चांगलाच. एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या भारी कापडात कात्री भलतीकडे गेली आणि कोटाची कॉलर होत्याची नव्हती झाली. मास्तरांनी गिऱ्हाइकाला कापड भरून दिलं, मशीन घरी आणून खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं, त्यावर चादर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ते झोपलेच.

जेवायला उठत, परत झोपत. बोलणं नाही, चालणं नाही. डॉक्टर म्हणाले, "हाताला काम ठेवा, नाहीतर हात जाईल आणि हाताबरोबर माणूसही." काकूंनी ते वाक्य ऐकलं. रडत बसायला मात्र त्यांना वेळ नव्हता. त्यांनी विचार केला, याला कापडाची भीती बसली आहे, तर याच्या हातात माती द्यावी. भाजीचा खर्चही वाचेल.

पण कुंड्या विकत आणतील तर त्या काकू कसल्या! दुकान आवरताना गिऱ्हाइकांनी कधीच न नेलेल्या विजारींचं एक बोचकं घरी आलं होतं. शिवून तयार, इस्त्री केलेल्या, आणि मालक बेपत्ता. काकूंनी प्रत्येक विजारीचे दोन पाय कापून वेगळे केले, खालची तोंडं शिवून टाकली, आत माती भरली आणि गच्चीच्या कठड्याला लागून एका ओळीत उभे केले. लांबून पाहिलं तर वाटावं, सहा माणसं कमरेपासून वर गायब झाली आहेत आणि नुसते पाय रांगेत उभे आहेत! मास्तरांना वर न्यायला त्यांनी एक थाप मारली. "अहो, माझे गुडघे गेले. पाण्याची बादली माझ्याच्याने चढवत नाही. तुम्ही धरा एका बाजूने."

मास्तर कण्हतकुंथत आले. विजारी बघून बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "ही करड्या रंगाची वकिलांची," ते म्हणाले. "तीनदा माप बदलायला लावलं आणि न्यायला आलेच नाहीत. आणि ही पट्ट्यापट्ट्यांची बँकवाल्याची." झालं, झाडांना नावं पडली. वकिलांच्या एका पायात टोमॅटो, दुसऱ्यातही टोमॅटो. बँकवाल्याच्या पायांत वांगी. एका हेडमास्तरांच्या विजारीत मिरच्या लावल्या, त्या स्वभावाला धरूनच होत्या.

महिनाभर सगळं झकास चाललं. झाडं कमरेएवढी झाली, पिवळी-जांभळी फुलं आली. मास्तर रोज बादलीचं एक टोक धरून वर येत. आणि मग फुलं गळायला लागली. फूल यायचं, चार दिवस मिरवायचं आणि टपकन खाली. फळ म्हणून धरायचं नाही. चारी बाजूंना उंच इमारती, मध्ये ही बुटकी गच्ची. तिथे वाऱ्याला यायचं तर परवानगी काढून यावं लागेल अशी जागा, आणि माशी-भुंगा तर औषधाला नाही.

एक दिवस मास्तरांनी विजारींच्या पायाशी पडलेली फुलं ओंजळीत गोळा केली. हात थरथरत होता, फुलं ओंजळीतून सांडत होती. "बघ," ते म्हणाले, "माझा हात लागला की कशाचंच काही होत नाही." दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत. भिंतीकडे तोंड. काकूंनी बादली एकटीने चढवली, आणि तेव्हा कळलं की गुडघे खरंच दुखताहेत.

त्या संध्याकाळी काकू भाजीवालीसमोर उभ्या राहिल्या, चार टोमॅटो उचलले आणि घासाघीस न करता पैसे दिले. भाजीवाली घाबरली. "काकू, बरं वाटत नाही का? घरी सोडायला येऊ?"

"गप गं," काकू म्हणाल्या. "देठवालेच दे. बिनदेठाचे नकोत."

आणि अशा रीतीने त्या पहाटे काकू गच्चीवर पोचल्या. काम उरकून खाली आल्या आणि मास्तरांना गदागदा हलवलं. "अहो, उठा! वकिलांना टोमॅटो लागलाय!"

आता काल फूल होतं आणि आज थेट लाल टोमॅटो, मधलं काही नाही. शाळेतल्या पोरालाही संशय आला असता. पण काकूंचा हिशोब असा, की या माणसाला जन्मात कापडाशिवाय काही कळलेलं नाही. मास्तर वर आले, पान बाजूला केलं आणि बघत राहिले. काकूंनी पटकन पाठ वळवली आणि मिरच्यांना पाणी घालायला लागल्या. मास्तरांना तो टोमॅटो काढायला पुष्कळ वेळ लागला. फांदी खसखस हलत होती. हात थरथरतोय बिचाऱ्याचा, काकूंना वाटलं. शेवटी ते टोमॅटो घेऊन समोर आले. "चांगला आहे," म्हणाले, आणि पुढे, "उद्या लवकर येऊ. उन्हाच्या आत."

काकूंचा जीव भांड्यात पडला. आणि मग लक्षात आलं, मास्तर लवकर उठणार म्हणजे आपल्याला त्याच्याही आधी उठावं लागणार.

तीन-चार आठवडे हा उद्योग चालला. कधी दोन टोमॅटो, कधी एक वांगं, कधी मिरच्यांची जोडी. मास्तर रोज एकेका झाडाशी उभे राहून खुडत बसत, तास-तास. खाली येऊन पोटभर जेवत. जिन्यात भेटेल त्याच्याशी बोलत. एके दिवशी झोपेच्या भरात काकूंनी टोमॅटो बँकवाल्याच्या वांग्यालाच बांधला. मास्तर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "नवीन जात दिसते," एवढंच म्हणाले आणि खुडायला लागले. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा, हाताबरोबर याचे डोळेही गेले!

खरी जिवावर बेतली ती पुढची गोष्ट. मास्तरांना दानशूरपणा सुचला. गच्चीच्या अगदी खालच्या मजल्यावर एक नर्स राहायची, तिला त्यांनी टोमॅटो वाटायला सुरुवात केली. "घरचे आहेत, घ्या हो." काकू मनातल्या मनात पैसे मोजायच्या. स्वतःच्या चहातली साखर कमी करून आणलेले टोमॅटो! पण वरून हसत म्हणायचं, "घ्या ना, खूप लागलेत."

आणि एका गुरुवारी मास्तर बाजारातून आले ते बॉम्ब घेऊनच. "भाजीवालीला रविवारी सकाळी वर बोलावलंय. म्हटलं, बघ तरी आमची बाग. तिचं माहेर शेतीवालं आहे, तिला सगळं कळतं."

काकूंनी निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारली. भाजीवाली! तिचेच टोमॅटो, तिचीच वांगी! ती आपला माल ओळखणार नाही? एका वाक्यात सगळं उघडं पडेल, आणि मास्तर परत भिंतीकडे तोंड करतील. या वेळी मात्र कायमचं. शुक्रवारी त्या तिला गाठायला गेल्या, तर ती गावी गेलेली. शनिवारीही नाही. टोमॅटो दुसरीकडून आणावे लागले, तेही महाग.

रविवारी पहाटे काकू वर गेल्या आणि टोमॅटोंची पिशवी कोपऱ्यात ठेवली. बांधावं की सगळं सांगून टाकावं? अंधुक उजेडात त्यांनी वकिलांच्या झाडात हात घातला, फांदी चाचपली, आणि बोटांना काहीतरी टणक लागलं. लिंबाएवढं, हिरवंगार. हे कधी बांधलं आपण? हिरवा टोमॅटो तर कधी आणलाच नाही! त्यांनी दोरा शोधला. दोरा नव्हता. ओढून पाहिलं, तर सगळं झाड हललं, पण टोमॅटो सुटेना. त्याच्या शेजारी आणखी एक. आत आणखी तीन. बँकवाल्याकडे बोटाएवढी वांगी, हेडमास्तरांकडे मिरच्या. रोजच्या घाईत, अंधारात, वरच्या वर गाठ मारून पळताना काकूंनी पानांच्या आत कधी पाहिलंच नव्हतं. त्या तिथेच विजारीला टेकून बसल्या आणि तोंडावर हात धरून हसल्या, मग रडल्या, मग परत हसल्या.

आठ वाजता भाजीवाली आली. मास्तरांनी तिला एकेक विजार ओळख करून देत फिरवलं. ती वाकून वाकून बघत होती, आणि शेवटी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मास्तर, एक सांगा. इथे वारा नाही, माशी नाही. या झाडांची फुलं हलल्याशिवाय फळ धरत नाही. टोमॅटो, वांगं, मिरची, सगळ्यांचं तेच. पराग आतल्या आत झडावा लागतो. आमच्याकडे बंदिस्त जागेत लावलं की माणूस लावून फांद्या हलवतात. तुमच्याकडे कोण हलवतं?"

काकूंची नजर आपोआप मास्तरांच्या उजव्या हाताकडे गेली. तो वकिलांच्या फांदीवर होता, आणि फांदी बारीक बारीक थरथरत होती. तिच्यावरची पिवळी फुलंही.

"मीच," मास्तर म्हणाले. "पण मुद्दाम नाही. मला एकेक गाठ सोडवायला अर्धा-अर्धा तास लागायचा."

काकूंना वाटलं, गच्ची दुभंगावी आणि आपण नर्सच्या स्वयंपाकघरात पडावं. "कसली गाठ?"

मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून मशीनची जुनी बॉबिन काढली. तिच्यावर हिरवा दोरा गुंडाळलेला होता. वीत-वीतभराचे तुकडे, एकाला एक जोडलेले. प्रत्येक जोडावर बारीकशी गाठ. थरथरत्या बोटांनी मारलेली, वेडीवाकडी, पण घट्ट.

"दोरा तोडायचा नाही, सोडवायचा," ते म्हणाले. "तूच म्हणतेस ना?"

"म्हणजे तुम्हाला कधीपासून..."

"पहिल्या दिवसापासून. अगं, तू डावखुरी. तुझी गाठ डावीकडे वळते. चाळीस वर्षं माझ्या कोटांची बटणं लावलीस, मी तुझी गाठ ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?" काकू चिडल्या, कारण आता रडू येत होतं. "मी मेली रोज पहाटे चार जिने चढतेय, गुडघ्यांची पार वाट लागली..."

"म्हणूनच," मास्तर म्हणाले. "तू गुडघे घेऊन माझ्यासाठी चार जिने चढणार आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपणार? मला लाज वाटली गं. मग फळं धरायला लागली. ती तुला तुझ्या हातांनी सापडावी असं वाटत होतं, पण तू काही पानांच्या आत बघेनास. म्हणून हिला बोलावलं."

भाजीवाली पदराने डोळे पुसत होती, आणि हसतही होती. "तरीच! मी म्हणतेय, ही बाई घासाघीस का करत नाही. चला, माझं एक गिऱ्हाईक गेलं म्हणायचं."

हे ऐकताच काकू भानावर आल्या. त्यांनी कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि तिच्या हातात दिली. "हे चार तू परत घे. काल दुसरीकडून घेतलेत, तुझ्यापेक्षा महाग. बदल्यात चार कांदे दे."

"काकू, अहो, मी हे विकलेच नाहीत तुम्हाला!"

"मग तीन कांदे दे."

दुसऱ्या दिवशी काकूंना जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून अंथरुणावर आलेलं होतं. शेजारची जागा रिकामी. कोपऱ्यातल्या मशीनवरची चादर घडी करून बाजूला ठेवलेली. वरून मास्तरांचा आवाज येत होता. "चला वकीलसाहेब, हात मिळवा. आता तुम्ही, बँकवाले."

उशाशी चहा होता. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा केलेला, झाकण ठेवलेला. आणताना निम्मा बशीत सांडला होता. काकूंनी कपातला चहा प्यायला. मग बशी तोंडाला लावून, सांडलेलाही सगळा पिऊन टाकला.