जिनिंगमधली बी साइड

भिकनच्या गळ्यातून निघणारा आवाज माणसाचा आहे, हे शपथेवर सांगितलं तरी लोकांना पटत नसे. विहिरीत पडलेला रेडा ओरडावा तसा तो गायचा, आणि म्हणूनच मी त्याला बँडमध्ये घेतलं होतं. गिटार माझी, ड्रम सुपडूचे. साल शहाण्णव. जळगावच्या कॉलेजात शिकणाऱ्या आम्हा तिघांना प्रोग्रेसिव्ह डेथ मेटलचा अल्बम काढायचा होता. म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी सांगायचो : गुरगुरणं, धडाधड ड्रम, मधेच एकदम शांत गिटार, ताल सात मात्रांचा आणि एकेक गाणं कॅसेटच्या अख्ख्या बाजूएवढं. ऐकणारा म्हणायचा, "असू दे, असू दे."

जळगावात आम्हाला कुणी दारात उभं करीना. शेवटी भिकनचे वडील, झुलाल नाना, कामाला आले. ते धरणगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, राखणदार होते. हंगाम संपला होता, यंत्रं बंद होती आणि गोदामात कापसाच्या गाठी पार छतापर्यंत रचलेल्या. तिथे आवाज अजिबात घुमत नसे. रेकॉर्डिंगला याहून चांगली जागा पुण्या-मुंबईत मिळाली नसती, असं मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो. रेकॉर्डिंगचं यंत्र पुण्याच्या एका मित्राचं होतं, दोनच दिवसांसाठी मिळालेलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने ते परत जायचं होतं.

पहिल्या दिवशी ए साइड झाली. अडचण एकच : बाहेर उरलासुरला कापूस निवडणाऱ्या बाया. भिकन गुरगुरला की कामं टाकून सगळ्या दारात. दुपारी त्यांच्यातली थोरली, सुंदरबाई, उंबऱ्यावर नारळ ठेवून, हळदकुंकू वाहून, हात जोडून गेली.

माझं डोकंच सणकलं. "तुझ्या अंगात आलंय असं वाटतंय त्यांना," मी भिकनला म्हणालो. "उद्या बघ, रांग लागेल. कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या पोरीचं जमत नाही." भिकन नुसता हसला. तो कशालाही हसायचा. हा पोरगा मृत्यूवर गातो यावर माझाही विश्वास बसत नसे.

दुसऱ्या दिवशी बी साइड. सकाळभर वीज नव्हती. ती आली तेव्हा दुपार कलली होती आणि कोरी कॅसेट एकच उरली होती. यंत्राच्या गाडीची वेळ होत आलेली, आता एकदाच वाजवायचं. चुकलं की अल्बम अर्धाच राहणार. मी नानांना दार लावून घ्यायला सांगितलं. नानांनी आधी सगळ्या बाया आत घेतल्या आणि मग दार लावलं.

"बाहेर ऊन कितलं शे," ते म्हणाले. "चूप बठतीन त्या."

भांडायला वेळ नव्हता. मी बटण दाबलं.

पहिला भाग असा जमला की काय सांगू! सातव्या मात्रेला हमखास घसरणारा सुपडूसुद्धा घसरला नाही. माझे इंग्रजी शब्द, म्हणजे राख झालेले ग्रह, अनंत काळोख वगैरे, भिकन जीव तोडून म्हणत होता. मग शांत भाग आला. ड्रम थांबले, नुसती गिटार उरली. तेवढ्यात सुंदरबाई उठली आणि थेट भिकनच्या माइकसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, मना पोऱ्याले, वनाले सांग ना, घर ये म्हनीसन."

मी वाजवता वाजवता भिकनला डोळ्यांनी दटावलं. टेप फिरत होती. पण समोर उभ्या माणसाला उत्तर न देणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"अक्का," तो साध्या आवाजात म्हणाला, "मना आंगमा देवबिव काही उना नही. मी झुलाल नानाना भिकन शे."

"ते माले माहीत शे ना रे! तू येवढासा व्हता तवयपासून वळखस मी तुले."

"मंग नारळ?"

"नवं काम काढं ना तुम्ही? नारळबिगर कोनी काम सुरू करस का? शिकेल पोरे, तुमना ध्यानमा नही."

इथे माझा सूर चुकला. तो कॅसेटवर आहे.

"वना सुरतले शे," सुंदरबाई म्हणाली. "दोन दिवाळ्या व्हई ग्यात, उना नही. आमनी हाक गावना शिवपलीकडे जास नही. तुना आवाज मोठा शे. तू मार हाक."

भिकनने माझ्याकडे पाहिलं. पुढचा भाग माझ्या अल्बमचा कळस होता, महिनाभर घासून लिहिलेला. मला संताप आला होता. पण ती बाई त्याच्या तोंडाकडे अशी बघत होती की माझा संताप घशातच विरघळला. मी होकाराची मान हलवली.

सुपडूने ड्रमवर घाव घातला आणि भिकन गरजला, "वनाऽऽ! घर येऽऽ!"

सुंदरबाईने समाधानाने पदर सारखा केला. लगेच दुसरी, बेबाबाई, उठली : "मना रुपचंद. तो बी सुरतलेच शे." मग तिसरी, मग चौथी. सात मात्रांत एकेक नाव बसत गेलं, आणि "घर ये" म्हणायला सगळ्या बाया भिकनच्या जोडीला. माझे ग्रह, माझा काळोख, सगळं कापसात गेलं. मी मात्र हसत होतो आणि बोटं तुटेस्तोवर वाजवत होतो.

टेप संपत आली तेव्हा नाना पुढे आले. भिकनचा थोरला भाऊ, हिलाल, बापाशी भांडून सुरतेला गेला होता. तेव्हापासून नाना घरात त्याचं नावही काढू देत नव्हते. ते माइकपाशी आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "हिलाल."

भिकनने तोंड उघडलं. गुरगुर काही निघेना. घरात मारतात तशी, साध्या गळ्याने, त्याने हाक मारली, "दादा, घर ये."

अल्बम ऐकून पुण्याचा मित्र म्हणाला, "बाकी काही कळलं नाही रे. ती शेवटची ओळ तेवढी स्वच्छ ऐकू येते."