सोडून द्यायचं कलम

बार रूममध्ये आम्ही त्याला पुरवणी म्हणायचो. युक्तिवाद संपवून खाली बसला की हा पुन्हा उठायचा, "साहेब, एकच मुद्दा राहिला," आणि तो एक मुद्दा जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालायचा. आमची दोघांची निम्मी वकिली एकमेकांच्या विरोधात गेली.

त्याची एक खोड होती. कुठल्याही अर्जात तो एक मागणी अशी घालायचा की वाचणाऱ्याचं डोकं फिरावं. मी तिच्यावर तुटून पडायचो. मग हा चेहरा पाडून "ठीक आहे, ती सोडतो" म्हणायचा आणि बाकीचं सगळं पदरात पाडून घ्यायचा. ही चाल मला पाठ होती, तरी मी ओरडायचोच. न ओरडून करतो काय, उद्या ती मागणी खरंच मंजूर झाली तर?

मग तो निवडून आला, आमदार झाला. माझ्यासमोर आता नवी मुलं उभी राहतात आणि मोबाइलमध्ये बघून वाचतात. त्यांना हरवण्यात कसली आलीय मजा? बायको असती तर तिच्यापाशी कुरकुर केली असती. सरळच सांगतो, मला त्याची आठवण यायची.

एका दुपारी त्याची ताई माझ्या ऑफिसात आली. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, तिच्या भाड्याच्या दोन खोल्यांत बसून तो वकील झाला. घरमालकाने मुलासाठी जागा हवी म्हणून अर्ज केला होता. मुलाचं समोरच्याच रस्त्यावर मोठं घर आहे. तरी भाड्याचे दावे बघणाऱ्या अधिकाऱ्याने एकही साक्ष न घेता निकाल दिला होता, खोल्या रिकाम्या करा.

"अपील करा," ताई म्हणाली.

असला निकाल अपिलात उभासुद्धा राहिला नसता. मी नवा कायदा उघडला. भाड्याचे रखडलेले दावे झटपट निकालात काढण्याचा कायदा, आमच्या पुरवणीनेच मांडलेला. शेवटी एक कलम होतं, या निकालावर कुठेही अपील चालणार नाही. अक्षर छापील होतं, पण हात कुणाचा ते मी लगेच ओळखलं.

"अपिलाची वाट बंद आहे, ताई. भावाला विचारलंत?"

"त्याचाच कायदा आहे ना? पास झाला तेव्हा टाळ्या वाजवल्या मी." ती थोडी थांबली. "त्याला कुणाला फोन करू देऊ नका. ओळखीवर वाचलेल्या घरात मला झोप नाही लागायची."

संध्याकाळी मी त्याच्या कार्यालयात गेलो. भिंतीला लागून खुर्च्याच खुर्च्या, माणसं नुकतीच उठून गेलेली. मला बघून तो इतका खूश झाला की मलाच अवघडल्यासारखं झालं. आमदार झाल्यापासून मी त्याला अहोजाहो करत होतो. निकाल मी त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला आणि चेहरा पडला. या वेळी नाटक नव्हतं.

"ते कलम सोडायचं होतं," तो म्हणाला.

"मग सोडलं का नाहीस?"

"कुणी सोडा म्हटलंच नाही. विरोधक भलत्याच कारणावरून सभात्याग करून गेलेले. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय? मी दाराकडे बघत बसलो. तेवढ्यात मंजूर. आमच्याच लोकांनी बाकं वाजवली."

"मग स्वतः उठायचंस! एरवी तर तुझा एक मुद्दा कायम राहिलेला असतो."

"माझ्याच विधेयकाविरुद्ध? तिथे कुणी ऐकतच नाही रे. आपण बोलतो, ते चहाला जातात." त्याने कागदाची घडी घातली. "लिहिताना तू डोळ्यासमोर होतास. म्हटलं, ओरडशील."

त्याने फोन उचलला, तेव्हा ताईचा निरोप सांगावा लागला. त्याने फोन खाली ठेवला. पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती आणतो म्हणाला. तोवर खोल्या जाणार होत्या, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

खोल्या रिकाम्या करायच्या दिवशी तो गाडी, माणसं काहीच न आणता आला आणि जिन्यावरून स्वतः ट्रंका उतरवत राहिला. ताई नणंदेकडे राहायला निघाली होती.

"माझ्याकडे चल ना," तो म्हणाला.

"तुझ्याकडे दिवसभर लोकांची रीघ. तू माझ्याशी बोलणार कधी?" ताई रागावली नव्हती. तिने त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली.

ज्या खिडकीखाली बसून तो शिकला, तिथे तो जाऊन उभा राहिला. बाहेर घरमालकाचा माणूस कुलूप घेऊन थांबला होता. ताईने किल्ली त्या माणसाच्या हातात दिली आणि दारातून वळून बघितलं.

"काही राहिलं का रे?"

मी वाट बघत होतो. इतक्या वर्षांत या प्रश्नाला त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला, आणि बाहेर आला.