बेटाकडे वळवलेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे आणि मला समुद्राची भीती वाटते. हसू नका, मित्रांनो. माझे सगळे आयुष्य समुद्राकडे तोंड करून गेले, हे खरे. पण लांबचे जवळ दिसू लागले की त्याची भीतीही जवळ येते, आणि माझे तर कामच ते.

माझा जन्म एका अरुंद खोलीत झाला. भिंगे घासणारा एक कारागीर आणि त्याची बायको, असे दोघेच तिथे काम करत. तो काच घासायचा, ती पितळेच्या नळ्या जुळवायची. खिडकी बंद ठेवावी लागे, कारण धुळीचा एक कण आत आला तरी भिंगावर ओरखडा उठे. मी पुरी झाले त्या दिवशी त्याने खिडकी उघडली, मला समोरच्या गच्चीवर रोखले आणि तिथे वाळत घातलेल्या चादरीचा टाका न् टाका पाहिला.

"चांगली झालीये," तो म्हणाला. "फक्त घेणाऱ्याला सांग, हिच्यातून सूर्याकडे बघायचं नाही. डोळा जाईल."

"सांगते की. पण ऐकतंय कोण? तुम्हाला चष्मा लावा म्हणून मी रोज सांगते, तो लावलात का?" बायको म्हणाली.

पुढची बरीच वर्षे मी बंदराच्या कचेरीत होते. येणारे जहाज कोणते, ते किती भरलेले आहे, वाऱ्याने कोणत्या बाजूला झुकले आहे, हे सगळे माझ्यातून पाहिले जाई. कप्तान मला मऊ कापडाने पुसत. मग कचेरीत नवी यंत्रे आली आणि मला अडगळीत भिंतीकडे तोंड करून उभे केले. तिथून एका पहारेकऱ्याने मला मागून घेतले आणि समुद्राकाठच्या रस्त्यावर, कठड्याला लागून, लोखंडी खांबावर बसवले. पाहुण्यांना शहर दाखवायचे, हे माझे नवे काम. त्याच्यानंतर ते काम त्याच्या मुलीकडे आले. तिला सगळे मावशी म्हणतात. साठीच्या पुढचे पाहुणेसुद्धा तिला मावशीच म्हणतात आणि तिने त्याला कधी हरकत घेतलेली नाही.

आमच्या शहरात ऊन भरपूर. पाहुणे टोप्या घालून येतात आणि विचारतात, "इथे बघण्यासारखं काय आहे?" मावशी बोट दाखवत नसे. ती मला त्या जागेवर रोखायची, पेच घट्ट करायची आणि म्हणायची, "लावा डोळा."

"हा मासळीचा धक्का. सकाळी लवकर जायचं. उशिरा गेलात तर नुसता वास बघायला मिळेल," ती सांगायची. पेच सैल, पेच घट्ट. "ही दोर वळणाऱ्यांची गल्ली. दुपारी इथे सावली असते, डाव्या हाताच्या भिंतीला धरून चालायचं. ते दीपगृह. पायऱ्या फार आहेत, गुडघे विचारून मग जायचं. मोठ्या चौकात जाऊ नका. हॉटेलवाले पाठवतील, पण तिथे कबुतरं सोडून काही नाही."

आणि शेवटी ती मला बेटाकडे वळवायची.

बेट छोटे आहे. मधोमध खडकाचा एक उंचवटा, भोवती पाण्याची डबकी, त्यांत रंगीत खेकडे. ओहोटीला किनाऱ्यापासून बेटापर्यंत वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि त्यावरून चालत जाता येते. भरती आली की पट्टा आधी जातो. साध्या भरतीला उंचवटा कोरडा राहतो. उधाणाच्या भरतीला त्याच्यावरूनही लाटा जातात. हे मी पाहिले आहे, आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

म्हणून मावशीच्या वडिलांनी एक रीत घातली होती. बेटावर जाणाऱ्याने आपली पायताणे माझ्या खांबापाशी काढून ठेवायची. ओल्या वाळूत तसेही अनवाणीच जावे लागते. परत आला की त्याने ती घालावीत आणि जावे. ओहोटी संपून पाणी फिरायच्या वेळी खांबापाशी एक जरी जोड दिसला, तरी मावशी खांबावर लाल फडके चढवायची. फडके दिसले की हातातले टाकून निघायचे.

होडीवाला तिची थट्टा करायचा. "मावशी, चपलांचं दुकान बरं चाललंय तुझं."

"तुझ्या होडीत माणूस बसत नाही, माझ्याकडे निदान चपला तरी बसतात," मावशी म्हणायची.

त्या दिवशी एक कुटुंब आले. बाबा, आई, आठेक वर्षांची मुलगी आणि आजी. आजीला ऊन सोसेना, ती बाकावर बसून राहिली. मुलीच्या एका बुटाची नाडी पिवळी होती आणि दुसऱ्याची निळी.

"ही कुठली फॅशन?" मावशीने विचारले.

"फॅशन नाही. डावा-उजवा कळायला," मुलगी म्हणाली.

"शहाणी आहेस. माझ्या वेळी कुणाला सुचलं नाही. मी अजून चुकते."

मावशीने आईला फडक्याचे समजावून सांगितले. "आज उधाण आहे. पण घाबरायचं काम नाही. लाल फडकं दिसलं की निघायचं. ते दिसेपर्यंत अगदी निवांत."

पायताणे खांबापाशी काढून तिघेही पट्ट्यावरून गेले. थोड्या वेळाने बाबा एकटेच परत आले. आजीला बाकावर चक्कर आल्यासारखे झाले होते, ते त्यांना लांबून दिसले होते. मावशी तेव्हा दुसऱ्या पाहुण्यांना धक्का दाखवत होती, तिची पाठ होती. त्यांच्या खोल्या किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला होत्या आणि तिथेही वाळूत उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. बाबांनी विचार केला, दोघी वाळूवरून तिकडूनच वर येतील. इथला दगड तापलेला आहे, चपलांसाठी उगाच इतक्या लांब वळसा कशाला? त्यांनी तिघांचीही पायताणे उचलली, आजीला हात दिला आणि गेले. मनात काही वाईट नव्हते. बायको-मुलीचे पाय पोळू नयेत, एवढेच होते.

मित्रांनो, मी ते सगळे ऐकत होते. माझे तोंड धक्क्याकडे होते. दुर्बिणीला मान नसते.

पाणी फिरायची वेळ झाली. मावशीने खांबापाशी पाहिले. जागा रिकामी. तिने फडके बाहेर काढलेच नाही. बेट पश्चिमेला आहे. त्या वेळी ऊन तिकडूनच येते, म्हणून त्या घटकेला ती बेटाकडे माझ्यातून कधी पाहत नसे. तिने माझ्या भिंगावर चामड्याचे टोपण चढवले आणि पिशवी खांद्याला लावून बाजाराला निघाली.

टोपणाखाली पूर्ण अंधार असतो. बाहेर लख्ख ऊन होते आणि मी अंधारात पाण्याचा आवाज ऐकत होते. वाळूवरून येणारे पाणी गर्जना करत नाही. ते सरपटत येते. आधी खड्डे भरते, मग पावलांचे ठसे पुसते, मग एका जागी दोन्ही बाजूंचे पाणी एकमेकांना भेटते आणि त्यानंतर पट्टा नसतो. बेटावरच्या आईने अधूनमधून उंचवट्यावर चढून माझ्या खांबाकडे पाहिले असणार. खांब मोकळा होता. म्हणजे अजून वेळ आहे, असे समजून ती पुन्हा खाली, मुलीजवळ गेली असणार. तिचा आमच्यावर विश्वास होता. माझ्या पितळेला त्या विचाराने जो गारठा आला, तो अजून गेलेला नाही.

बाजार उरकून मावशी घराकडे निघाली; तिची वाट त्या खोल्यांवरूनच जात होती. तिथले बोलणे मी नंतर तिच्याच तोंडून ऐकले. बाबा दारात उभे होते. आजीला औषध देऊन, निजवून ते नुकतेच बाहेर आले होते.

"मावशी, त्या दोघी निघाल्या का हो तिकडून?" त्यांनी विचारले.

मावशी थांबली. "तुम्ही सगळे परत आलात ना?"

"मी एकटाच आलो. त्या तिकडेच आहेत." त्यांनी पायऱ्यांकडे पाहिले. पिवळी आणि निळी नाडी तिथे शेजारी शेजारी होती. "फडकं लावलं असेल ना तुम्ही?"

मावशी मागे फिरून धावत सुटली, बाबा तिच्यामागे. मला आधी ऐकू आली तिची पावले, मग तिचा श्वास. टोपण निघाले. तिने मला बेटाकडे वळवले आणि पेच असा आवळला की माझी नळी कण्हली. पट्टा नव्हता. पाणी उंचवट्याच्या अर्ध्यावर आले होते.

होडीवाला जवळच होडी उलटी टाकून रंगवत होता. रंग ओला होता. मावशीने फक्त बेटाकडे हात केला. त्याने ब्रश वाळूत टाकला, होडी सरळ केली आणि लोटली. बाबा पाण्याकडे धावले. मावशीने त्यांचा सदरा मागून धरला.

"पोहत जाल तर त्याने दोघींना आणायचं की तिघांना? इथे उभे राहा. हे फडकं घ्या. मी डावीकडे म्हटलं की डावीकडे धरायचं, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. तो मागे वळून बघेल, त्याला ही खूण ठाऊक आहे."

उंचवट्याच्या एका अंगाला पाण्याखाली धारदार खडक आहेत. होडी तिकडून नेली तर फुटते. समोरच्या उन्हाने पाणी चकाकत होते आणि होडीवाल्याला पुढचे काहीच दिसत नव्हते. दिसणार असेल तर मलाच. सूर्य उंचवट्याच्या जवळ उतरला होता. कारागिराचे शब्द मावशीला ठाऊक होते. तिच्या वडिलांनी तिला ते लहानपणीच शिकवले होते. तिने उजवा डोळा माझ्या काचेला लावला.

मी काच आहे. मला प्रकाश निवडता येत नाही. आई दिसली, तिच्या खांद्यावर मुलगी दिसली, आईच्या गुडघ्यांवर फुटणारे पाणी दिसले, आणि त्या सगळ्याबरोबर सूर्याची कडाही मी मावशीच्या डोळ्यात ओतत राहिले. त्या वेळी मला समुद्रापेक्षा माझी स्वतःची भीती वाटली.

"डावीकडे," मावशी म्हणत होती. "अजून डावीकडे. आता सरळ. सरळ ठेवा. हात हलवू नका." तिच्या डोळ्यातून पाणी गळत होते, तरी तिने तो मिटला नाही. लाट आली, आईचा एक पाय सरकला, मुलगी खाली झुकली. होडी उन्हात दिसेनाशी झाली. बाबांनी फडके दोन्ही हातांनी धरले. मग ओल्या रंगाची होडी उंचवट्याच्या आडून बाहेर आली. तीत तीन माणसे होती.

"आहेत," मावशी म्हणाली आणि खांबाला टेकून खाली बसली.

किनाऱ्याला लागल्यावर होडीवाला म्हणाला, "बसली बघ माझ्या होडीत माणसं." कोणी हसले नाही, तोही नाही. दोघींच्या कपड्यांना त्याचा रंग लागला होता. मुलगी मावशीसमोर उभी राहिली. "आम्ही फडक्याची वाट बघत होतो," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ती फक्त सांगत होती. मावशीने तिचे दोन्ही पाय आपल्या पदराने पुसले.

त्या दिवसापासून मावशीच्या उजव्या डोळ्यापुढे एक काळा डाग आहे. डॉक्टर म्हणाले, तो राहणार. समोरच्या माणसाकडे बघितले की त्याचा चेहराच त्या डागाखाली जातो. त्यानंतर ती डाव्या डोळ्याने शहर दाखवू लागली. बेटावर जाणाऱ्याला ती नाव विचारायची आणि परत आल्यावर त्याच्या तोंडून ते ऐकल्याशिवाय हलायची नाही. रीत सुधारली, पण रीत पाळणारी माणसे कमी झाली.

आता पाहुणे मावशीला विचारत नाहीत. ते फोनला विचारतात. फोन सांगतो, बेटावर चालत जा, सूर्यास्त छान दिसतो. कोणत्या दिवशी उधाण आहे, हे त्याला कोणी विचारत नाही. माणसे बूट पाठीवरच्या पिशवीत टाकतात आणि माझ्यापुढून उतरून जातात. मावशीने फडके चढवले तर काही जण त्याच्यासोबत फोटो काढतात. माझ्या काचेवर मिठाचा थर आहे. पेचाला गंज चढला आहे, तो आता फिरत नाही. ना धक्का दाखवता येतो, ना दोरवाल्यांची गल्ली. मी दिवसभर फक्त बेटाकडे बघते आणि मोजता येत नसतानाही गेलेली आणि आलेली माणसे मोजायचा प्रयत्न करते.

मित्रांनो, उन्हाचे शहर बघायला जरूर जा. गल्ल्यांत हिंडा, पायऱ्या चढा, खेकड्यांमागे धावा. पण जाताना एका माणसाला सांगून जा आणि परत आल्यावर त्याच माणसाला सांगा. तो बघत असेल, ती बघत असेल, असे धरून चालू नका. आणि तुमच्या शहरात एखादी म्हातारी कठड्यापाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव विचारत असेल, तर तिला नाव सांगा.

आत्ता दुपार कलली आहे. ऊन अजून वर आहे, माझ्या काचेत शिरलेले नाही. मावशी आज डोळा दाखवायला गेली आहे. वाळूच्या पट्ट्यावर खड्डे भरायला लागले आहेत आणि बेटावर एक पांढरी छत्री उघडी आहे. ती कोणाची, ते इथे कोणाला माहीत नाही. छत्रीखाली कोणीतरी हलल्यासारखे वाटते, पण मिठामुळे मला नीट दिसत नाही.

तुम्ही इथे जवळच उभे आहात. जरा माझी काच पुसा, आणि डोळा लावा.