पाठीवरचे पन्नास किलोमीटर

मित्रांनो, माझ्या अंगावर सर्वांत आधी उमटली ती लाल खडूची फुली. बॅगांच्या कारखान्यात राखाडी कापडापासून माझा जन्म झाला. मी पाठीवर घ्यायची सॅक. पण माझा डावा खिसा उजव्यापेक्षा अर्धे बोट खाली शिवला गेला होता. तपासनिसाने फुली मारली आणि मला कोपऱ्यातल्या ढिगावर टाकले. ज्यांच्या हातून ती चूक झाली होती, त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनीच संध्याकाळी मला विकत घेतले. "खिसा वाकडा आहे, भोक तर नाही ना?" असे त्या म्हणाल्या.

बाईंच्या घरी तीन माणसे होती. त्या स्वतः, त्यांचे यजमान आणि बाईंचा धाकटा भाऊ. यजमान इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करीत. भाऊ पूर्वी छापखान्यात होता. पुढे त्याची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिस केंद्रात यंत्राला जोडून घ्यावे लागे. चार तासांनी तो सुटे तेव्हा त्याच्या अंगात त्राण उरत नसे. तशा अवस्थेत तो बसथांब्यावर ताटकळत उभा राही. एका मंगळवारी तो तिथेच कोसळला. कपाळाला चार टाके पडले.

त्यानंतर काही दिवसांनी केंद्राच्या दारावर एक कागद लागला. रुग्णांना घरी पोचवण्यासाठी गाडी घ्यायची होती आणि त्यासाठी पन्नास किलोमीटर चालण्याचा उपक्रम ठरला होता. नाव जोडीने द्यायचे. पहाटे पाचला निघून संध्याकाळी सहाच्या आत पोचायचे. प्रत्येक किलोमीटरमागे ओळखीच्या माणसांनी देणगी द्यायची. बाईंनी कुणालाही न विचारता दोघांची नावे देऊन टाकली.

"पन्नास?" यजमान म्हणाले. "अगं, लोकांना जिने चढावे लागू नयेत म्हणून मी उभा जन्म घालवला."

"म्हणून तर तुमचे पाय अजून कोरे करकरीत आहेत," बाई म्हणाल्या.

पलंगावरून भाऊ म्हणाला, "भाऊजी, आता सुटका नाही. ताईने एकदा सुईत दोरा ओवला की ती शिवण संपवूनच उठते."

हातात सोळा आठवडे होते. भावाने जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर छापखान्याच्या शिस्तीने चौकोन आखले आणि कागद भिंतीवर लावला. माझ्या पोटात पाण्याच्या बाटल्या, संत्री, मोजे आणि सवय व्हावी म्हणून दोन विटा भरल्या गेल्या. रोज कामावरून आल्यावर दोघे इमारतीचे पाच मजले दहा वेळा चढत-उतरत. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांना वाटले, लिफ्ट बंद पडली. तिघांनी यजमानांकडे तक्रारही केली.

पहिल्या रविवारी ते चार किलोमीटर चालले आणि बसने परत आले. पाचव्या रविवारी बारा झाले. त्यांची चाल मात्र जुळेना. यजमान लांब ढांगा टाकत पुढे जात, बाई मागे राहत. नवव्या रविवारी पुढे गेलेले यजमान पुलापाशी जाऊन बसले आणि बाई पुलाखालच्या रस्त्याने निघून गेल्या. तासभर दोघे एकमेकांना शोधत होते. मी बाईंच्या पाठीवर होते, म्हणजे पाणीही त्यांच्याकडेच होते.

भेट झाल्यावर बाई म्हणाल्या, "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमची पाठ जेवढी पाहिली, तेवढं तोंड पाहिलं नाही."

यजमान पाणी प्यायले. त्यांनी मला स्वतःच्या पाठीवर घेतले आणि म्हणाले, "दर दोन किलोमीटरला ही बदलायची. म्हणजे थांबावंच लागेल." तसेच ठरले. पुढच्या सात आठवड्यांत मी दोघांच्या पाठी सारख्याच ओळखू लागले. बाईंची पाठ चालताना स्थिर असे. यजमानांची पाठ उजवीकडे किंचित झुके. त्यांचा गुडघा दुखत होता, पण ते त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

ठरलेल्या दिवशी एकतीस किलोमीटर सुरळीत पार पडले. बत्तिसाव्यानंतर यजमानांचा पाय फरफटू लागला. बाईंनी मला घेतले ते परत दिलेच नाही. बेचाळिसाव्या किलोमीटरवर वाटेतले शेवटचे नोंदीचे ठिकाण होते. तिथल्या डॉक्टरांनी सुजलेला गुडघा दाबून पाहिला.

"पुरे झालं. बाहेर गाडी उभी आहे, बसा."

"गाडीसाठी चालतोय आणि गाडीतच बसू?" यजमान म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. मग ते बाईंना म्हणाले, "तू जा पुढे. तू वेळेत पोचशील."

बाईंनी रस्त्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले. "पोचेन," त्या म्हणाल्या. "पण नाव दोघांचं आहे."

डॉक्टरांनी गुडघा घट्ट बांधून दिला आणि दर अर्ध्या तासाने बसायला बजावले. राहिलेल्या आठ किलोमीटरना साडेतीन तास लागले. ते दोघे पोचले तेव्हा साडेसात वाजले होते. मंडप उतरवला होता. एक गृहस्थ खुर्च्या एकात एक रचत होते. नोंदवही त्यांच्याकडेच होती.

"वेळ संपली हो," ते ओशाळून म्हणाले. "मला बेचाळीसच लिहिता येतील. पण तुम्ही इथवर आलात, हे मी पाहिलंय."

"तुम्ही पाहिलंत ना? झालं तर," बाई म्हणाल्या. "लिहा बेचाळीस."

घरी भाऊ दाराकडे डोळे लावून बसला होता. त्याच दिवशी सकाळी त्याचे डायलिसिस झाले होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"किती झाले?"

"वहीत बेचाळीस लागले," यजमान खाली बघत म्हणाले.

भावाने दोघांच्या पायांकडे पाहिले. बाईंच्या मोज्यातून रक्त आले होते. तो उठून स्वयंपाकघरात गेला. ज्या हातात सुया टोचत, त्या हाताने त्याला ओझे उचलायची मनाई होती, त्यामुळे बादली नेणे शक्य नव्हते. मग दुसऱ्या हाताने तो एकेक तांब्या कोमट पाणी आणून टबात ओतू लागला. मी दाराच्या खुंटीवरून मोजत होते. अकरा खेपा झाल्या. बाई दोनदा उठू लागल्या. दोन्ही वेळा यजमानांनी त्यांना हाताला धरून खाली बसवले. टब भरल्यावर दोघांनी त्यात पाय सोडले.

सात महिन्यांनी गाडी आली. ती अशा कितीतरी जोड्यांच्या पायांनी आली होती. यंत्रावर असताना भावाला थंडी वाजे, म्हणून माझ्यात त्याचे पांघरूण राहू लागले. दोन वर्षे मी त्याच्या मांडीवर बसून गाडीतून ये-जा केली. मग एका गुरुवारी गाडी दाराशी आली आणि रिकामीच परत गेली.

त्यानंतर मला माळ्यावर ठेवले. आतले पांघरूण दमट होते. कुणी मला उघडले नाही आणि मी त्याबद्दल कुणाला दोष देत नाही. दीड वर्षात माझ्या तळाला बुरशी धरली, चेन गंजली, उंदरांनी एक पट्टा कुरतडला. मित्रांनो, तुमच्या पिशव्या वापरून झाल्या की रिकाम्या करा, धुवा, उन्हात वाळवा. अडलेली चेन हिसकू नका. आणि एखादी वस्तू उघडवत नसेल, तर ती अशा माणसाला द्या, ज्याला ती उघडण्याची गरज आहे.

बाईंना हे उशिरा सुचले, पण सुचले. एका रविवारी त्यांनी मला खाली काढले, तीन पाण्यांतून धुतले, निळा पट्टा शिवला आणि पांघरूण घडी करून आत ठेवले. दुसऱ्या दिवशी यजमानांना बरोबर घेऊन त्या केंद्रात आल्या. तिथे एक निवृत्त पोस्टमन नव्यानेच येऊ लागले होते. कुडकुडत बसले होते. बाईंनी मला त्यांच्या मांडीवर ठेवले.

"कुणाची हो ही?" पोस्टमननी विचारले.

ज्यांनी मला शिवले, विकत घेतले आणि पाठीवरून पन्नास किलोमीटर नेले, त्या बाईंनी आतले पांघरूण काढून त्यांच्या हाती दिले.

"माझ्या भावाची होती," त्या म्हणाल्या. "आता तुमची."