जिन्याचा हेवा करणारी टोपली

मी एक जुनी टोपली आहे आणि खोटे कशाला बोलू, मी मत्सरी आहे.

नेपल्सच्या एका बुरुडाने ओल्या फोकांची मला विणली आणि मी चौथ्या मजल्यावरच्या असुंताच्या गॅलरीत आले. खाली गल्लीतच तिच्या नवऱ्याचे, सबातोचे, हातमोज्यांचे दुकान होते. मित्रांनो, रोज दुपारी ती पास्ता-बटाट्याचा गरम वाडगा ठेवून मला दोरीने खाली सोडायची. शेजारणी माझे कौतुक करायच्या आणि मी फुगून जायचे.

असुंताचे वडील ती लहान असताना बोटीने गेले, ते परत आलेच नाहीत. त्यामुळे नवरा जरा नजरेआड झाला की हिचा जीव खालीवर. लगेच दोरीला हिसके! सबातो अनाथाश्रमात वाढलेला. तिथे कितीही रडले तरी जवळ कोणी येत नसे, म्हणून तो गप्प राहायला शिकला. ती जितकी ओढायची, तितका तो मुका व्हायचा आणि ना चिठ्ठी ना निरोप, मला रिकामीच वर पाठवायचा.

त्यात धंदा असा, की गिऱ्हाइकाचा हात हातात धरून माप घ्यायचे. एके दुपारी उजेडासाठी तो दारात बसला होता. मी खाली उतरत असताना असुंताला त्याच्या हातात एका टोपीवालीचा हात दिसला. तिच्या हातून दोरीच सुटली. मी धाडकन आदळले, वाडगा फुटला.

"वीस वर्षं झाली! माझा हात धरलास कधी असा?" ती वरून ओरडली. "मी चालले आईकडे!"

टोपीवालीने मान वर केली. "अगं, माझी सत्तरी उलटली! माझ्यावर कसली जळतेस?"

गल्ली खो खो हसली. सबातोने खापऱ्या माझ्यात भरल्या आणि सवयीने वर पाहिले. पण दोरी तर जमिनीवर पडलेली.

"बघतोस काय मेल्या? जिना चढ!" म्हातारी म्हणाली.

मला काखोटीला मारून तो वर गेला. असुंता कपडे बांधत होती.

"मोज की माझा पण," तिने हात पुढे केला.

त्याने तो धरला. "तुझा मोजावा लागत नाही. पाठ आहे मला." मग हात न सोडताच म्हणाला, "मला बोलता येत नाही गं. पण जाऊ नकोस."

तेव्हापासून तो रोज वर येऊन जेवतो. मी खिळ्याला टांगलेली, पोटात कांदे. जिन्यावर त्याची पावले वाजली की असुंता हसते आणि मी त्या जिन्यावर जळून खाक होते.

मित्रांनो, आपल्याला कोणी सोडून जाईल असे ज्याला भय आहे, त्याच्याकडे रिकामी टोपली पाठवू नका. माझी एवढीच विनंती आहे. कधीतरी माझी धूळ झटका, लिंबे आणायला मला खुशाल खाली सोडा. सबातोचे जेवण मात्र माझ्यात ठेवू नका.